अण्णांचे ३६ टक्के

कानाचं दिव्यांग सर्टिफिकेट काढायचं असेल तर हे आधी वाचा, आमचे आठ महिने एका बटणापायी गेले आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

अण्णांनी इचलकरंजीत ३० वर्षं माग चालवले, त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. आता गावी असतात, हाताला काम नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे मिळायला दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं आणि उत्पन्नाचा दाखला वर्षाला ५० हजारांच्या आतला. दाखला मिळाला, सर्टिफिकेटसाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्जही झाला, तिथं काही त्रास नाही.

अडलं ते सरकारी दवाखान्यात, ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकू किती येतं त्या तपासणीला. हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मला बाहेर थांबवलं. दहा मिनिटांत आटपलं आणि हातात आलं ३६ टक्के. तहसीलला फॉर्म नामंजूर, ४० च्या खाली म्हणून. ज्या माणसाला दारात उभं राहून हाक मारली तरी कळत नाही, त्याला ३६!

घरी आल्यावर वहीत लिहून विचारलं, अण्णा, आवाज येत होता का? म्हणाले, "न्हाई गं, पण काचेतनं त्या बाईंचा हात दिसायचा, हात हलला की दाबत हुतो. पास झालो न्हवं?" त्यांना ती परीक्षा वाटली होती. मला रडूच आलं. कुणी एका शब्दानं समजावलं नव्हतं, आणि ज्याला ऐकूच येत नाही त्याला तोंडी सांगून काय उपयोग, लिहून दाखवायला नको?

परत गेले तर खिडकीवर एकच, "पेशंटनीच बटण दाबलंय, आम्ही काय करणार, वर्षानं या." चार हेलपाटे झाले. शेवटी एका दिव्यांग संघटनेतल्या दादांनी सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ आहे, टक्केवारी मान्य नसेल तर अपील करता येतं. मी साध्या कागदावर सगळं लिहिलं, बेरा टेस्ट करा अशी मागणी केली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, माझा पहिला अर्ज तिथंच हरवला होता.

बेरात बटणच नसतं. कपाळाला आणि कानामागं वायरी चिकटवतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीन स्वतःच बघतं, अण्णा तर झोपले होते. नवीन सर्टिफिकेट आलं ५८ टक्क्यांचं! त्या दिवशी मी एसटीत तो कागद चार वेळा उघडून बघितला.

हिशोबात बऱ्या कानाला पाचपट वजन असतं, म्हणून एक कान थोडा बरा असला की टक्के धाडकन खाली येतात, हे आधीच माहीत असू द्या. टेस्टच्या वेळी पेशंटला काचेकडं पाठ करून बसवा म्हणून सांगा.

पैसे सुरू झाले, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २५०० केलेत. आणि हो, हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा, नाहीतर पैसे थांबतात.