निदर्शनास आले की

गेज झिजलं होतं. मराठीत तीन शब्द. (गेज म्हणजे सुट्या भागाचं माप तपासायचं साधन.) मी त्याचे इंग्रजीत एकोणीस केले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. पाच महिने झाले, ते एकोणीस शब्द काही डोक्यातून जात नाहीत.

मी कंपन्यांमध्ये जाऊन इंग्रजी शिकवते. कागदोपत्री त्याला 'बिझनेस कम्युनिकेशन' म्हणायचं, कारण नुसतं 'इंग्रजी' लिहिलं की दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसवल्यासारखं वाटतं. लोकांची समजूत अशी की मी उच्चार सुधारते. उच्चारांचं काम फार थोडं. माझा वेळ जातो तो मराठीत अगदी सरळ असलेलं वाक्य इंग्रजीत गेल्यावर कुठे टोचतं ते दाखवण्यात. 'आम्हाला तारीख पाहिजे' यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, पण 'वुई वॉन्ट डेट' वाचून समोरच्याला वाटतं, हे भांडायलाच बसलेत. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे आपल्याकडे वर्गात हात वर करून विचारायची शंका. बाहेरचा माणूस विचारात पडतो, याचा आपल्यावर विश्वास नाही की काय. 'डू द नीडफुल' तर साहेब टाकून गेला आणि आपण पितळेच्या भांड्यासारखं घासून-पुसून ठेवलं. या गोष्टींवर मी दिवसभर बोलू शकते. एचआरला मात्र तास हवे असतात: माणशी अमुक तास, मस्टरवर सह्या, शेवटी हसऱ्या चेहऱ्यांचा फीडबॅक फॉर्म. कोण काय शिकलं, हे अठरा वर्षांत एकाही एचआरने मला विचारलेलं नाही.

ही कंपनी चाकणची. गाड्यांचे सुटे भाग करते, बराचसा माल जर्मनीला जातो. जूनमध्ये मला सहा सत्रं दिली होती, क्वालिटी आणि प्रॉडक्शनच्या सोळा जणांसाठी. तिसऱ्या सत्राचा विषय ईमेल. वर्गात एक मुलगा होता, साताऱ्याकडचा, डिप्लोमा झालेला, मराठी माध्यमाचा. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्या पहिल्या मुलांपैकी हा. म्हणजे पंचवीस वर्षं इंग्रजी त्याच्या मागे लागलंय आणि अजून दोघांची नीट ओळख नाही. नाव सांगत नाही, गेजवाला म्हणते. बोलायचा कमी. लिहायचा तर त्याहून कमी, आणि जे लिहायचा त्यात आर्टिकल औषधालाही नसायचं.

चहाच्या सुट्टीत क्वालिटीचे मॅनेजर आले. "मॅडम, आज थिअरी राहू द्या. याचा एटडी रिपोर्ट तेवढा मार्गी लावा. दीड वाजता कस्टमरचा कॉल आहे."

एटडी म्हणजे आठ पायऱ्यांचा तक्रार-अहवाल. फोर्डने १९८७मध्ये आपल्या लोकांसाठी ही पद्धत लिहून काढली आणि पुढे ती सगळ्या गाडीधंद्यात पसरली. डी-१ म्हणजे टीम कोण, डी-२ म्हणजे नेमकं काय बिघडलं, डी-३ म्हणजे आत्ताच्या आत्ता काय आवरलं. ते बहुतेक कस्टमर चोवीस तासांत मागतात. आणि डी-४ म्हणजे मूळ कारण. घोडं अडतं ते तिथे. तिथे बहुतेक सप्लायर 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहितात, आणि सुधारणा म्हणून 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं'. असे रिपोर्ट मी इतके तपासलेत की महाराष्ट्रातला ऑपरेटर हा जगातला सर्वांत जास्त ट्रेनिंग मिळालेला माणूस असावा.

गेजवाल्याने डी-४ असा लिहिला होता: 'गो गेज वॉर्न. ड्यू डेट १० मे. आय टोल्ड ऑन २८ एप्रिल. न्यू गेज नॉट पर्चेस. वुई यूज सेम गेज.'

मला गेजमधलं काही कळत नव्हतं. कळल्याशिवाय मी वाक्याला हात लावत नाही, हा माझा नियम, आणि त्याचा मला अभिमानही आहे. म्हणून म्हटलं, आधी मला समजवा. तो उठला, लाइनवर गेला आणि एक गेज घेऊन आला. हातभर नाही, वीतभर दांडा, दोन्ही टोकांना चकचकीत गोल पोलादी नळकांडी, एका टोकाला लाल पट्टा. एका पीसच्या भोकात त्याने साधं टोक घातलं. ते तेलकट आवाज करत अलगद आत गेलं. मग उलटं करून लाल टोक लावलं. ते तोंडाशीच अडलं.

"ही गो बाजू, ती नोगो. गो आत गेली पाहिजे, नोगो जाता कामा नये. बोअर बारा एमएमचा, अठरा मायक्रॉनची सवलत. बाराच्या खाली नाही, बारा पूर्णांक शून्य अठराच्या वर नाही."

अठरा मायक्रॉन म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. आमच्याकडे एवढ्या फरकाला कोणी स्वल्पविरामही देत नाही.

"मग झिजलं कुठलं?"

"गोच झिजते, मॅडम. रोज हजार पीसमध्ये आत-बाहेर तीच करते. नोगो नुसती टेकते. गो झिजली की बारीक होते. मग भोक लहान असलं तरी ती आत जाते आणि ऑपरेटर म्हणतो ओके. त्याची काय चूक? गेज ओके म्हणतंय. पीस तिकडे जातो, त्यांची पिन बसत नाही, लाइन थांबते."

दोन मिनिटं. मराठीत. एकही शब्द वाया नाही. इतकं स्वच्छ समजावणारा माणूस मी त्या वर्षात दुसरा पाहिला नाही. आणि हे ऐकून मी काय केलं, तर प्रोजेक्टरवर त्याचा डी-४ उघडला आणि सोळा जणांसमोर तो 'प्रोफेशनल' करायला घेतला.

'आय टोल्ड' काढलं. रिपोर्टमध्ये 'मी' नको, असं मीच सांगितलं. 'नॉट पर्चेस' काढलं, दुसऱ्या डिपार्टमेंटवर बोट दाखवल्यासारखं वाटतं म्हणून. तारखा वरच्या तक्त्यात जातील म्हटलं, आणि त्या गेल्याच नाहीत. पडद्यावर उरलं ते असं: 'इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट द गो गेज हॅड एक्सीडेड इट्स कॅलिब्रेशन इंटर्व्हल, विच मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड टू द डेव्हिएशन.' (कॅलिब्रेशन म्हणजे गेजची ठरलेल्या मुदतीने होणारी तपासणी.) मॅनेजर मागे उभे होते. म्हणाले, "वा! याला म्हणतात इंग्लिश." मग टाळ्या.

गेजवाला पडद्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "मॅडम, हे बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "शंभर टक्के बरोबर." मला वाटलं, व्याकरणाचं विचारतोय.

एरवी मी कॉलला बसत नाही. त्या दिवशी मॅनेजरच म्हणाले, थांबा, अडलं तर सावरून घ्या. पलीकडे जर्मनीतल्या सप्लायर क्वालिटीच्या बाई होत्या. त्यांच्याकडे सकाळचे दहा. त्यांचं इंग्रजीही काही राणीचं नव्हतं. 'डब्ल्यू'चा 'व्ही' होत होता आणि क्रियापद मधेच वाट बघत थांबत होतं. डी-१ ते डी-३ पाच मिनिटांत उरकलं. डी-४ वर त्या थांबल्या. माझं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, अगदी सावकाश, कुणाची तरी औषधाची चिठ्ठी वाचावी तसं. मग विचारलं, ऑब्झर्व्ड म्हणजे कुणी बघितलं? कधी? आणि 'मे हॅव' म्हणजे काय? हे कारण आहे की नाही?

मॅनेजर म्हणाले, टीम अ‍ॅनालिसिस करतेय. बाईंनी पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत. मी कागदावर एक छानसं वाक्य खरडून मॅनेजरांपुढे सरकवणार, तेवढ्यात गेजवाल्याने हात लांब करून माइक चालू केला.

"मॅडम, गेज वॉर्न. आय टोल्ड ट्वेंटी-एट एप्रिल. न्यू गेज नॉट कम. वुई यूज सेम."

खोलीत फक्त एसीचा आवाज. पलीकडून टायपिंग ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, ओके, नाऊ आय अंडरस्टँड, थँक यू. आणि पुढे, प्लीज राइट इट लाइक धिस.

पुढे त्यांनी जे विचारलं ते सगळं कामाचं होतं: अशी आणखी किती गेजं मुदतीबाहेर आहेत, मधल्या काळात कुठले लॉट गेले, गेजची मागणी अडते कुठे. वीस मिनिटांत कॉल संपला. रिपोर्ट त्यांनी नाकारला नाही, फक्त डी-४ परत मागितला.

घरी येताना नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये मला वडील आठवले. ते जिल्हा परिषदेत कारकून होते. लहानपणी त्यांच्या पत्रांच्या कच्च्या प्रती मी वाचायची. 'असे निदर्शनास आले आहे की', 'उचित कार्यवाही करण्यात यावी'. कुणाच्या निदर्शनास आलं, कार्यवाही कोण करणार, त्याचा पत्रात कुठेच पत्ता नसायचा. मला ती भाषा फार भारदस्त वाटायची. ते 'इट वॉज ऑब्झर्व्ड' मी एम.ए.ला शिकले नाही, आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकले. आणि आपली घरातली मराठी तरी काय वेगळी? माझ्या आईच्या घरात कप कधी कोणी फोडला नाही, तो फुटायचा. दूध उतू जायचं, बिल भरायचं राहून जायचं. उलट गेजवाल्याचं ते मोडकं इंग्रजी बघा. त्यात आर्टिकल नाही, काळ धड नाही, पण त्यात कोणीतरी उभा आहे. आय टोल्ड. वुई यूज. कर्ता लपवण्याइतकं इंग्रजी त्याला येतच नव्हतं, ते मी शिकवत होते.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, तू उगाच मनाला लावून घेतेस, सौम्य लिहायला शिकवणं हेच तर तुझं काम. खरं आहे. 'वुई वॉन्ट डेट' मी उद्याही बदलेन आणि त्यात मला काही गैर वाटणार नाही. पण विनंती मऊ करणं वेगळं आणि घडलेली गोष्ट मऊ करणं वेगळं, हा फरक माझ्या एकाही स्लाइडवर नव्हता. दोन्हीला मी एकच शब्द वापरत होते, 'पोलाइट'.

चौथ्या सत्राला तो आला नाही. पाचव्यालाही नाही. कळलं की त्याला इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून येणारा माल तपासायला, हलवलंय. शिक्षा वगैरे नाही हो, मॅनेजर म्हणाले, रोटेशन आहे. हेही म्हणाले की मुलगा हुशार आहे, फक्त कुठे काय बोलावं ते कळत नाही, तेवढं तुम्ही शिकवा. परचेसचे साहेब आठवडाभर क्वालिटीशी बोलत नव्हते. नवं गेज मात्र सहा दिवसांत आलं. माझ्या फीडबॅक फॉर्मवर सोळापैकी पंधरा हसरे चेहरे होते. एक फॉर्म आलाच नाही.

गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा मेसेज आला. इनकमिंगला एक मायक्रोमीटर खराब आहे, परचेसला मेल टाकायचाय, कच्चा मजकूर खाली जोडलाय. वर लिहिलं होतं, 'मॅडम, बरोबर आहे ना?'

मजकूर वाचला. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ड दॅट सर्टन इन्स्ट्रुमेंट्स मे रिक्वायर अटेन्शन.' आर्टिकलं जागच्या जागी, काळ बिनचूक. मायक्रोमीटरचा नंबर नाही, तारीख नाही, तो स्वतः नाही.

मी मेसेज उघडल्याच्या निळ्या खुणा त्याला केव्हाच दिसल्या असतील. उत्तर अजून दिलेलं नाही. दोनदा टाइप केलं आणि पुसलं.