तुम्ही विचारलंत म्हणून: पुरुष बाहुल्यांचे कपडे मिळतात कुठे?

माझ्याकडचे बाहुले पाहिल्यावर बहुतेक सगळे हेच विचारतात. विचारणाऱ्यांपैकी अनेकांकडे स्वतःचाही एखादा केन, म्हणजे बार्बीचा जोडीदार, किंवा रेझिनचा, म्हणजे कडक ओतीव प्लास्टिकचा, उंच मुलगा असतो आणि प्रश्नाआड एक तक्रार असते: बाहुलीला हवं ते मिळतं, बाहुल्याला मात्र एक टी-शर्ट आणि एक अर्धी चड्डी. तक्रार अगदी खरी आहे. कंपन्यांनी त्याला पहिल्यापासून तिच्या जोडीला म्हणून आणलं. बार्बी 1959 ची, केन 1961 चा. पहिला केन लाल पोहण्याच्या चड्डीवर आला आणि बाकीचे कपडे वेगळे विकत घ्यायचे होते. तिच्या कपाटाच्या मानाने त्याचं कपाट तेव्हापासून लहानच राहिलं.

दुकानाचं नाव सांगून मात्र तुमचं काम होणार नाही. कपडे आहेत, भरपूर आहेत, पण त्यांवर तुमच्या बाहुल्याचं नाव लिहिलेलं नसतं. आणि ज्यांवर असतं, ते त्याला बसतीलच असं नाही. म्हणून मी नेहमी उलटा प्रश्न विचारते: त्याचं अंग कोणतं आहे?

एकट्या केनचंच घ्या. सुरुवातीचा केन सडपातळ होता, छाती सपाट, हात बारीक. 1969 मध्ये त्याला नवं, रुंद छातीचं अंग मिळालं आणि आधीच्या वर्षांतले कोट त्याच्या पाठीवर ताणले जाऊ लागले. 2017 मध्ये मॅटेलने, म्हणजे बार्बी-केनच्या कंपनीने, एकदम 15 नवे केन काढले, त्यात तीन बांधे: सडसडीत, रुंद आणि नेहमीचा. तेव्हा जुन्या कपड्यांच्या जाहिरातीत ‘केनचा कोट’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. कोणत्या काळातला केन, हे विचारायलाच हवं. केनच्या पलीकडे तर घराणीच वेगळी. 1964 च्या जी. आय. जोपासून सुरू झालेली बारा इंची सैनिकांची परंपरा आज हॉट टॉइजसारख्या कंपन्यांच्या सिनेमातल्या पात्रांपर्यंत आली आहे. त्यांचे खांदे भक्कम आणि मान जाड. इंटेग्रिटी कंपनीचे ‘ओम’ (Homme) मालिकेतले तरुण मॉडेलसारखे, कंबरेत बारीक. टॉनर कंपनीचा मॅट ओनील 17 इंची, त्याला बारा इंचीतलं काहीच चालत नाही. आणि फोल्क्स या जपानी कंपनीच्या सुपर डॉल्फी बाहुलीनंतर, म्हणजे 1999 नंतर, गोळ्यांच्या सांध्यांनी हलणाऱ्या रेझिनच्या बाहुल्यांचं जे जग उभं राहिलं, त्यात साठ-सत्तर सेंटिमीटरचे मुलगे आहेत. उंची सारखी असली तरी एका कंपनीचा मुलगा किशोर, तर दुसरीचा भरदार पुरुष.

म्हणून मोजा. शिंप्याची टेप इथे निरुपयोगी आहे, ती वळतच नाही नीट. कागदाची बोटाच्या पेराहून अरुंद पट्टी घ्या, छातीभोवती गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे टोकदार पेन्सिलने खूण करा आणि मग पट्टी उलगडून मोजपट्टीवर ठेवा. मिलिमीटरमध्ये लिहा. छाती, कंबर, नितंब, मान, मांडी, पोटरी, बाहीची लांबी, पायाच्या आतल्या बाजूची लांबी, तळव्याची लांबी-रुंदी. पोटरी लोक हमखास विसरतात आणि चिंचोळ्या पँटी नेमक्या तिथेच अडकतात. हाताचा पंजाही मोजा. पंजा कफातून जात नसेल तर शर्ट कितीही मापाचा असून काय उपयोग?

सगळ्यात महत्त्वाचं माप खांद्याचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझं मत इथे ठाम आहे. कंबर आत घेता येते, पायाची लांबी दुमडता येते, बाही वर सरकवता येते. खांदा मात्र तसाच राहतो. बाही जोडल्याची शिवण खांद्याच्या हाडावर न बसता दंडावर उतरली की कापड कितीही उंची असो, तो मोठ्या भावाचा शर्ट घातलेला मुलगा दिसतो. बाईच्या कपड्यात ही ढिलाई खपते, कधीकधी शोभतेही. पुरुषांच्या कोट-शर्टाचा सगळा डौल मुंढ्यावर, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या घेरावर, उभा असतो. म्हणूनच पुरुषी कपडे करणारे कमी असावेत असं मला वाटतं. एवढ्याशा मुंढ्यात चुण्या न पडू देता बाही बसवणं हे झग्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

आता शोधायचं कुठे.

कंपनीचे स्वतःचे सेट हा पहिला रस्ता, आणि त्यात जुनं धुंडाळणं मला सर्वांत आवडतं. साठच्या दशकातले केनचे टक्सिडो, डॉक्टरचा वेश, कॉलेजकुमाराचे पोशाख आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात येतात, आणि त्यातली शिलाई पाहण्यासारखी असते: इवल्या चेन, टिचबटणं, नीट दुमडलेले काठ. पुष्कळदा नुसता पोशाख महाग पडतो आणि तोच पोशाख घातलेला, केस विस्कटलेला बाहुला स्वस्तात मिळतो. तेव्हा बाहुलाच घ्यावा. 1993 चा कानात डूल घातलेला केन लोक आजही शोधतात. जाळीचा फिकट जांभळा शर्ट आणि वर बिनबाह्यांचं जाकीट. मोठ्या कंपनीने पुरुष बाहुल्याला इतकं बेधडक नटवलेलं क्वचितच पाहायला मिळतं. त्याच्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि तो बाजारातून लवकर गेला, पण तो शर्ट साध्या काळ्या पँटीवर आजही देखणा दिसतो.

दुसरा रस्ता बारा इंची सैनिक आणि सिनेमातल्या पात्रांचा. बाहुल्या जमवणारे तिकडे सहसा फिरकत नाहीत, आणि तिथेच उत्तम जीन्स, पट्टे, चामडी जाकिटं, बूट पडून असतात. तिथले कारागीर खिशाच्या दुहेरी शिवणीपर्यंत बारकावे पाळतात. जाकीट मात्र सडपातळ बाहुल्याला खांद्यात सैल पडतं. बुटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा: यातले बरेचसे बूट पोकळ नसतात. मूर्तीचा पाय काढून घोट्याच्या खुंटीवर थेट बूटच बसवायचा असतो. बाहुल्याचा पाय ज्यात शिरेल असा बूट हवा, तर विक्रेत्याकडे बुटाच्या तोंडाचा वरून घेतलेला फोटो मागा.

तिसरा रस्ता घरी शिवून विकणाऱ्यांचा. माझ्या संग्रहातले सर्वांत सुंदर कोट तिथून आलेत. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या: फोटोतला बाहुला कोणत्या अंगाचा आहे, आणि कपडा उघडतो कुठे? पुढची बटणं नुसती चिकटवलेली आणि मागे पाठीवर व्हेल्क्रो, असं पुष्कळदा असतं. ते वाईट नाही, पण मग कोट उघडा सोडून आतला वेस्टकोट दाखवता येत नाही.

आणि बाहुलीच्या कपाटाकडेही एकदा बघा. उंच बाहुल्यांचे उंच गळ्याचे होजिअरी टॉप, सरळ घेराचे लांब कोट, मफलर, हे सडपातळ बाहुल्याला छान होतात. ताणणारं कापड असेल तर खांद्याचा प्रश्न बराच सुटतो.

स्वतः शिवणार असाल तर कात्रीला हात लावण्याआधी एक हिशेब मनात पक्का करा. बारा इंची बाहुला म्हणजे सहा फुटी माणसाचा सहावा भाग. म्हणजे कापडाची जाडी सहापट करून बघायची. एक मिलिमीटर जाड डेनिम त्याच्या अंगावर सहा मिलिमीटरचं होतं. अशी पँट घालून कुणाला बसता येईल का? शर्टाचं नेहमीचं बटण अकरा मिलिमीटरचं, म्हणजे इथे दोन मिलिमीटरहूनही कमी. आठ सेंटिमीटर रुंद टाय तेरा मिलिमीटरचा होतो. एक सेंटिमीटरची चौकट त्याच्या शर्टावर सहा सेंटिमीटरची दिसते, म्हणून चौकडा आणि रेघा मिळतील तेवढ्या बारीक घ्या. मलमल, वॉयल, तलम केंब्रिक, धुऊन धुऊन विरलेले सुती शर्ट, जुने हातमोजे हे माझं कच्चं सामान. बारीक विणीच्या पायमोज्याच्या वरच्या भागातून स्वेटर बेतता येतो आणि मोज्याची तयार पट्टी कंबरेला जशीच्या तशी वापरता येते. मशीनचा टाका दीड मिलिमीटरपर्यंत आणा, सुई सगळ्यांत बारीक लावा आणि कापड बेतल्याबरोबर कडांना दशा न सुटण्याचं द्रावण लावून वाळू द्या. शिवणीसाठी जेमतेम चार-पाच मिलिमीटर कापड असतं. तेच उसवलं तर पुढे काही करता येत नाही.

जाडीवरून आणखी एक. शर्ट पँटीत खोचला की कंबरेला कापडाचे थर चढतात आणि बाहुला पोट सुटलेला दिसतो. कोटाच्या आत असेल तर शर्ट पूर्ण शिवायची गरजच नसते. कॉलर, पुढचा छातीचा तुकडा आणि कोटाच्या बाहीला आतून टाचलेले दोन कफ एवढ्यावर काम होतं. हे फसवणुकीचं वाटतं काहींना. मला नाही वाटत. पाहणाऱ्याला जे दिसतं ते नीट दिसावं, यासाठीच तर आपण हे करतो.

वजनाचं मात्र काहीच करता येत नाही. खरा कोट स्वतःच्या भाराने खाली ओढला जातो, बाहुल्याचा कोट फुगून उभा राहतो. त्याला मी पाण्याने वळण लावते. आधी बाहुल्याच्या अंगाला स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, मग कोट चढवायचा, पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि बोटांनी कोपराच्या, पाठीच्या, पँटीच्या घड्या दाबून बसवायच्या. वरून मऊ कापडाची पट्टी सैलसर गुंडाळून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पट्टी काढली की कोट अंगाला धरून राहिलेला असतो, कोपराला खऱ्या वळ्या पडलेल्या असतात. जेमतेम पाच मिनिटांचं हे काम दुसऱ्या कुठल्याही खर्चापेक्षा जास्त फरक पाडतं.

ती फिल्म विसरू नका, कारण रंग. काळा, गडद निळा, लाल आणि विशेषतः नवं डेनिम व्हिनाइलला, म्हणजे बाहुल्याच्या मऊ प्लास्टिकला, डाग देतं, आणि तो डाग पृष्ठभागावर न राहता आत उतरतो. प्रत्येक गडद कपडा आधी धुवा, मग ओल्या पांढऱ्या कापसाने आतून पुसून पाहा. कापसावर रंग आला तर पुन्हा धुवा, तरीही आला तर आत पातळ पांढरं अस्तर लावा. व्हिनाइलवरच्या डागाला मुरुमांच्या मलमातलं बेन्झॉइल पेरॉक्साइड लावून बाहुला उजेडात ठेवला तर चालतं, पण ते मूळ रंगही फिका करू शकतं. चेहऱ्याच्या रंगकामाजवळ आणि रेझिनवर ते नेऊ नका. रेझिनला डाग पडला तर बारीक पॉलिश कागदाने ओलं घासतात, तेही तोंडाला मास्क लावून, कारण ती धूळ छातीत जाणं घातक असतं. नकली चामड्याबद्दल माझा सल्ला सरळ आहे: फोटोपुरतं घाला आणि काढून ठेवा. काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघतात, चिकट होतं आणि अंगाला लागतं.

कपडे चढवताना पंज्यावर प्लास्टिकच्या छोट्या पिशवीचा कोपरा किंवा फिल्मचा तुकडा चढवा. बोटं बाहीच्या अस्तरात अडकत नाहीत, हात सरकन बाहेर येतो. रेझिनच्या बाहुल्याचं डोकं काढता येत असेल तर काढूनच घाला, म्हणजे गळ्यातून ओढताना ओठांचा रंग घासला जात नाही.

नटवण्याबद्दल विचाराल तर मी कमीच घालते. टोपी, चष्मा, घड्याळ, बॅग, मफलर असं सगळं एकदम चढवलं की बाहुला दिसतच नाही. पँट बुटावर कुठे टेकते ते बघा. एक हलकी मोड पुरते, तीन मोडी आल्या तर लांबी जास्त आहे. मोजे घाला, अगदी कापडाची नळी का असेना, बसवलेल्या बाहुल्याचा उघडा घोटा नजरेत खुपतो. बाह्या वर सरकवल्या तर दोन्ही हातांच्या थोड्या वेगवेगळ्या उंचीवर सरकवा. जोडीने आलेले सेट मोडा आणि एका सेटची पँट दुसऱ्याच्या स्वेटरबरोबर घाला. सेट जसाच्या तसा राहिला की तो खोक्यातला माल वाटतो.

आणि सुरुवात करताय, पैसे मोजकेच आहेत, तर पहिल्यांदा बूट घ्या. चांगले, पाय शिरणारे, टाचेला शिवण असलेले काळे किंवा तपकिरी बूट. मग अंगासरशी एक पांढरा शर्ट आणि एक गडद पँट, आतून अस्तर लावलेली. कोट नंतर, खांद्याचं माप विक्रेत्याला कळवून, आणि त्याने कोट सपाट पसरून दोन्ही मुंढ्यांमधलं अंतर मोजपट्टीसकट फोटोत दाखवल्यावरच.