दोन ओळी उडवा ना, ताई

परळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी गेली अकरा वर्षं डीटीपीला बसते. वाढदिवस, साखरपुडा, दहीहंडी, निवडणूक, दुःखद निधन, कशाचाही मजकूर आता डोळे मिटून लावते. कवितेचं काम मात्र वर्षातून एकदाच येतं, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला. २०२५ला ते जरा जास्तच आलं. आदल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता आणि गल्लोगल्लीच्या मंडळांना एकदम कविता आठवल्या होत्या.

२६ला महाशिवरात्र. दुकानात मी आणि मशीनवाला भाऊ, दोघंच, दोघांच्याही डब्यात साबुदाण्याची खिचडी. अकराच्या सुमारास एका मंडळाचा कार्यकर्ता आला. बारा सनबोर्ड, म्हणजे फोमचे कडक बोर्ड, तीन बाय दोन फुटांचे, उभे, प्रत्येकावर वेगळी कविता. दादर पश्चिमेला बसस्टॉपांजवळ लावायचे. त्याच्या साहेबांनी लंडनला भुयारी रेल्वेच्या डब्यात जाहिरातींच्या शेजारी कविता लावलेल्या पाहिल्या होत्या. तिथे हे १९८६पासून चालू आहे. "आपल्याकडे पण झालं पाहिजे ना, ताई." झालंच पाहिजे, मी मनापासून म्हणाले.

मजकूर म्हणजे जुन्या पुस्तकांच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो. निवड कोणी केली कोण जाणे, पण माणूस जाणता होता. केशवसुत, बालकवी, बहिणाबाई असेच कवी घेतले होते, ज्यांच्या हक्कांची मुदत संपलीय. कवी गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. कुसुमाग्रज गेले १९९९ला, म्हणून त्यांच्याच जन्मदिवशी त्यांचीच कविता नाही.

पहिला वाद टिंबांवरून झाला. केशवसुतांचं पान मी जसंच्या तसं टाइप केलं होतं, 'नाहीं', 'कसें', 'माझें' सगळं. कार्यकर्त्याने प्रूफ हातात घेतलं आणि म्हणाला, "टिंबं जास्त पडलीत. मशीनचा प्रॉब्लेम आहे का?"

"ही टिंबं १९६२च्या नियमांनी गेली, दादा. केशवसुत १९०५लाच गेले."

"म्हणजे चूक नाही?"

"नाही."

"पण लोकांना वाटेल ना चूक."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोकांना वाटतंच. तरी टिंबं राहिली. आमच्या धंद्यात खरी चूक वेगळीच असते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की 'दुसऱ्या'तला र मोडतो, जोडाक्षरांचे पाय तुटतात, आणि तसंच छापून चौकात लागतं. त्याबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.

दुसरा वाद फोटोंचा. दुपारी व्हॉट्सॲपवर दहा चेहरे आले, साहेबांसकट. ते खाली बसवायचे आणि तेही ओळखू येतील एवढे. केशवसुतांची कविता लांब, जागा पुरेना. "दोन ओळी उडवा ना, ताई, खालच्या. कोण मोजतंय?"

मी मोजल्या. चौदा. सुनीत म्हणजे चौदा ओळी, हे शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं होतं. हा प्रकार इंग्रजीतून मराठीत आणला तोही केशवसुतांनीच. म्हणजे जो कवितेचा नियम घेऊन आला, त्याचीच कविता बारा ओळींत लावायची.

खरं सांगते, आधी उडवून पाहिल्या. डिझाइन झकास बसलं. पण वाचलं तर कोणी बोलता बोलता फोन ठेवल्यासारखं वाटलं. मग ओळी परत आणल्या आणि ओळींमधलं अंतर कमी केलं. तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसायला लागले. देवनागरीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते, ती इंग्रजीच्या मापाने दाबता येत नाही. अक्षर लहान करायला तेवढा वाव होता. दहा फुटांवरून वाचायचं तर इंचभर अक्षर लागतं, असा आमचा हिशेब. पण बसस्टॉपवरचा माणूस पाच फुटांवर उभा असतो, आणि बस येईपर्यंत त्याला दुसरं काम नसतं.

कार्यकर्त्याला हे पटेना. शेवटी म्हटलं, "दादा, दादर आहे. कोणीतरी मास्तर मोजणार, फोटो काढणार आणि ग्रुपवर टाकणार, साहेबांच्या चेहऱ्यासकट." तो बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. फोटो तिकिटाएवढे झाले, एका रांगेत. साहेबांचा जरा मोठा. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, भाऊकडे दिला तेव्हा सात वाजले होते.

सकाळी बोर्ड लावणाऱ्याचा पोऱ्या आला नाही, म्हणून सहाला मीच त्याच्याबरोबर दादरला गेले. फुलमार्केट भरात होतं, पायाखाली झेंडूचा चिखल. केशवसुतांचा बोर्ड पुलाजवळच्या स्टॉपचा होता. तारेने बांधत होतो, तेवढ्यात शेजारच्या गजरेवालीने दोरा न थांबवता विचारलं,

"वाढदिवस कोणाचा गं?"

बाईंचं चुकलं नव्हतं. "कुसुमाग्रजांचा," मी म्हटलं.

"कुठल्या वॉर्डातले?"

"नाशिकचे, मावशी."

"मग बॅनर दादरात कशाला?"

"बोर्डावर कविता आहे ना, ती दुसऱ्यांची. केशवसुतांची. ह्या पुलाला त्यांचंच नाव आहे, कवी केशवसुत उड्डाणपूल."

तिने मान वर करून पुलाकडे पाहिलं. "ह्याला नाव आहे होय? आम्ही आपलं ब्रिज म्हणतो." मग बोर्डाकडे बघत म्हणाली, "जरा पलीकडे घे गं तो. गिऱ्हाइकाला माझी टोपली दिसत नाही."

आम्ही तार सोडली आणि बोर्ड दोन हात पलीकडे घेतला.