रिंग बफरची वाढ: दुसऱ्या फेरीत निघालेली तीन शून्ये

रिंग बफर म्हणजे शेवटच्या खणानंतर पुन्हा पहिल्या खणाकडे वळणारी रांग. ती भरल्यावर तिचे खण वाढवण्याचा कोड पूर्ण झाला, असे मी गेल्या नोंदीत लिहिले होते. ते विधान मागे घेतो. हेड (रांगेतल्या पहिल्या घटकाचा क्रमांक) आणि टेल (पुढे येणाऱ्या घटकाचा क्रमांक) हे सतत वाढणारे आकडे ठेवायचे आणि खरा खण काढताना क्षमता उणे एक या मास्कशी अँड करायचे, म्हणजे क्षमता दोनाचा घात असल्याने क्रमांकाला क्षमतेने भागून उरणारी बाकी घ्यायची, हा पाया भक्कम आहे. त्यामुळे कितवाही घटक एका पावलात हाती येतो. चुकले ते ८ खणांचे १६ करताना.

हेड ५ आणि टेल १३ असेल, तर वळून ० ते ४ या खणांत गेलेले घटक ८ ते १२ मध्ये हलवावे लागतात, आणि मी नेमके तेच लिहिले होते. पण हेड १३ आणि टेल २१ असताना वळलेले घटक जागीच राहायला हवेत आणि ५, ६, ७ या खणांतले तीन १३, १४, १५ मध्ये जायला हवेत. माझ्या चाचण्या पहिल्या फेरीपलीकडे जातच नव्हत्या. दुसऱ्या फेरीत रांगेच्या तोंडाशी तीन शून्ये निघाली, आणि त्यांच्यामागे माझे दोन शनिवार गेले. मेमरीतल्या चुका पकडणारा ॲड्रेससॅनिटायझर गप्प राहिला, कारण हद्दीबाहेर काहीच वाचले जात नव्हते. शून्ये भरलेली मेमरी देणाऱ्या कॅलॉकऐवजी काहीच न भरता मेमरी देणारा मॅलॉक वापरल्यावर मात्र व्हॅलग्राइंड या तपासणीच्या साधनाने मूल्य न भरलेले खण लगेच दाखवले. रांगेसारख्या रचनेची चाचणी कॅलॉकवर घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

कल्याण लोकलमध्ये चौकटीच्या वहीत सोळा घरे आखल्यावर नियम दिसला: क्रमांकात ८ चा बिट असेल (म्हणजे १६ ने भागून बाकी ८ किंवा जास्त उरत असेल) तर घटक आठ घरे पुढे जातो, नसेल तर जागीच राहतो. तो क्षण फार समाधानाचा होता. वाढीच्या वेळी हेड शून्यावर आणणे सोपे होते. पण बाहेरचा कोड हेच क्रमांक टोकन, म्हणजे घटकाची ओळखखूण, म्हणून जपून ठेवतो, म्हणून तो मार्ग सोडला.

दोन अटींचा कोड इथे देणार होतो, पण लिहिता लिहिता त्याहून सरळ युक्ती सुचली. जुना ॲरे नव्याच्या दोन्ही अर्ध्यांत जसाच्या तसा उतरवला, तर प्रत्येक क्रमांक आपोआप योग्य घटकावर पडतो आणि एकही अट उरत नाही. नक्कल दुप्पट होते, हे मान्य. साध्या आकड्यांसाठी ती मला परवडते. आज रात्री हेड ० ते ३१ पर्यंत प्रत्येक आकड्यापासून आणि शिवाय ३२ बिटांचा आकडा पुन्हा शून्यावर येण्याच्या काठावरच्या ४२९४९६७२९० पासून चाचण्या लावतो.