वहीतली टिंबं

पुण्याच्या बुधवार पेठेत एचआयव्ही रोखण्याच्या 'आवाहन' प्रकल्पात असताना आम्ही पीअर ताईंसाठी, म्हणजे देहविक्री करणाऱ्या बायकांमधल्याच कार्यकर्त्यांसाठी, चित्रांची वही केली होती. लिहिता-वाचता न येणारीलाही जमावं म्हणून! एखादी दवाखान्यात जाऊन आली की हिरवं टिंब, कंडोम संपले की रिकामा डबा. कोण नवी, कोण अडचणीत, हे ताईच ठरवायची. 'आवाहन'ची ही मायक्रोप्लॅनिंगची, म्हणजे एकेकीची गरज बघून काम आखायची, पद्धत पुढे केनिया, झिम्बाब्वेतही गेली.

परवा नैरोबीत एका ताईची वही उघडली. टिंबांच्या जागी रंगीत मणी काढलेले! मला भरूनच आलं.

२०२५च्या जानेवारीत अमेरिकेची मदत थांबली आणि तिचं केंद्र बंद पडलं. मानधन नाही, तरी फोन करून एकेकीला प्रेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या, गोळ्यांची आठवण करते. त्याचसाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकॅपाविरचं इंजेक्शन आधी कुणाला हवं, ती यादीही तिने मागच्या पानावर करून ठेवलीय.