तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या मॅचआधी पोरगा कळतो का?

भाच्याचा मेसेज साधारण माझ्या जेवणाच्या सुट्टीत येतो. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. "मामा, हार्पर कसा वाटतो? चालेल ना?" हार्पर म्हणजे स्पर्सचा नवा पोरगा, आणि स्पर्स म्हणजे एनबीएतला, अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगमधला, आमच्या सॅन अँटोनिओचा संघ. ऑफिसात हाच प्रश्न इंग्रजीत येतो. यंदा तर, २०२५ च्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकांनी गाठलं. "अहो, तुम्ही बास्केटबॉलवाले ना? आपल्या स्पर्सच्या नवीन पोरांनी अजून एक मॅच खेळलेली नाही, आणि तुम्ही लोक हा चालेल, तो चालणार नाही, कशाच्या जोरावर सांगता हो?" हातात द्रोण होता, मागे रांग खोळंबली होती. "चांगली आहेत पोरं," एवढं म्हणून मी सटकलो. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगतो.

मी सॅन अँटोनिओत एकोणीस वर्षं आहे. त्याआधी पुण्यात सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले, कॉलेजच्या संघात सातवा-आठवा होतो. म्हणजे खेळण्यापेक्षा बाकावरून बघणं जास्त झालं, आणि तीच सवय पुढे कामाला आली. २०१० पासून एक वही ठेवली आहे. दर उन्हाळ्यात नवीन पोरांबद्दल पेन्सिलीने दोन-चार ओळी लिहितो. खोडरबर वापरायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे ती वही मी कोणाला दाखवत नाही.

यंदा जूनच्या ड्राफ्टमध्ये स्पर्सने दोन पोरं घेतली. दुसऱ्या क्रमांकावर डिलन हार्पर, चौदाव्यावर कार्टर ब्रायंट, दोघंही १९ वर्षांची. ड्राफ्ट म्हणजे नवीन खेळाडूंची वाटणी. खालच्या संघांना आधी निवडायला मिळतं, पण नेमका कोण पहिला हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. यंदा पहिला नंबर लागला डॅलसला, आणि तो लागण्याची शक्यता होती १.८ टक्के. भिशीतही असं नशीब कुणाचं बघितलं नाही. त्यांनी कूपर फ्लॅग घेतला.

ड्राफ्टनंतर जुलैत लास वेगासला समर लीग, म्हणजे सीझनआधीची नव्या पोरांची स्पर्धा, होते. सगळी गडबड इथून सुरू होते, कारण लोक तिथले गुण बघून निकाल लावतात. मी तीनदा जाऊन आलोय. युनिव्हर्सिटीच्या आवारात थॉमस अँड मॅक हे मोठं स्टेडियम आणि त्याला चिकटून छोटंसं कॉक्स पॅव्हिलियन. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आत एसी असा की बायकोने बळेच दिलेला स्वेटर घालावा लागतो. सामना ४८ मिनिटांऐवजी ४० मिनिटांचा. एरवी सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, इथे दहाव्या. त्यामुळे ढकलाढकलीला हात सैल सुटतात. आणि संघातल्या पोरांपैकी पक्का करार दोन-चार जणांकडेच असतो, बाकीचे नोकरी शोधायला आलेले. अशा पोराला बॉल मिळाला तर तो दुसऱ्याला पास का देईल? समोर एखाद्या संघाचा माणूस वही घेऊन बसलेला असतो, त्याला दाखवायला याच्याकडे जेमतेम आठ मिनिटं. मग बिचारा उंच सेंटर रिंगखाली हात वर करून उभा राहतो आणि बॉल काही येत नाही. बॉल घेऊन खेळणारे गार्ड मात्र चमकून घेतात. समर लीगचे आकडे वाचताना एवढं आधी वजा करायचं.

मी ते वजा न करता एकदा तोंडावर पडलोय. २०१२ साली वेगासमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांत विभागून दिला होता. एक डेमियन लिलार्ड, दुसरा जॉश सेल्बी. लिलार्ड पुढे एनबीएचा मोठा स्टार झाला. सेल्बीने एक सीझन बाकावर काढलेला होता, आणि त्या जुलैत त्याचा प्रत्येक शॉट जाळीत जात होता. माझ्या वहीत त्याच्या नावाभोवती दोनदा वर्तुळ आहे. एनबीएत त्याचे सगळे मिळून चाळीस सामनेही झाले नाहीत.

उलटही होतं. ७ जुलै २०२३ ला व्हिक्टर वेम्बान्यामा स्पर्सकडून पहिल्यांदा समर लीगमध्ये उतरला. १३ पैकी २ शॉट आत, ९ गुण. आमच्या ग्रुपवर रात्रीच मेसेज: फुगा फुटला. दोन दिवसांनी रविवारी २७ गुण आणि १२ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल, तर तीच मंडळी हार-तुरे घेऊन तयार. यंदा फ्लॅगचं हुबेहूब तेच झालं, पहिल्या दिवशी २१ पैकी ५ आणि पुढच्या सामन्यात ३१ गुण. दोन दिवसांत माणूस बदलत नाही हो.

वेम्बान्यामाचा पुरावा वेगासला शोधायची गरजच नव्हती. तो पुरावा फ्रान्समध्ये आधीच मिळाला होता. २०२२-२३ च्या सीझनमध्ये तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये गुण, रिबाउंड आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) या तिन्हींत तो पहिला होता, आणि ज्यांच्याविरुद्ध खेळला ते तिशीचे, लेकुरवाळे, कोपर मारून पोट भरणारे पुरुष होते. युरोपातल्या पोरांचं 'पदार्पण' आपण अमेरिकेत मोजतो, एवढंच. लुका डॉन्चिचचंही तेच. १९ व्या वर्षी तो युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू झाला होता, तरी २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी दोघांची नावं पुकारली गेली. म्हणून मी आधी बघतो की पोरगा आजवर कुणाविरुद्ध खेळलाय. शाळेत पन्नास-पन्नास गुण करणारी पोरं प्रत्येक गल्लीत असतात.

दुसरी गोष्ट मला आमच्या पुण्यातल्या सरांनी शिकवली, म्हणजे न सांगता शिकवली. ट्रायलला चाळीस पोरं यायची आणि बॉल चार. सर बॉलवाल्या पोरांकडे पाठ करून उभे राहायचे आणि उरलेल्या छत्तिसांकडे बघत बसायचे. आम्हाला वाटायचं, सर आपल्यातच नाहीत.

मी वेगासला तेच करतो. एक पोरगा निवडायचा आणि पाच मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही. कठीण असतं, डोळा आपोआप बॉलमागे धावतो. पण जमलं तर मजा येते. बॉल पलीकडच्या बाजूला आहे आणि आपला पोरगा अलीकडे डिफेन्सला. त्याची मान बघायची. माझा माणूस कुठे, बॉल कुठे, पुन्हा माझा माणूस, अशी पंख्यासारखी फिरतेय का? की एकदा बॉलवर नजर खिळली ती खिळली, आणि तेवढ्यात त्याचा माणूस पाठीमागून रिंगखाली पोचला? गुडघे वाकलेले आहेत की हात कमरेवर? मदतीला जायचं कळलं, पण एक पाऊल उशिरा? उशीर चालतो, १९ वर्षांच्या पोराला उशीरच होतो. कळलंच नाही, तर मात्र मी वहीत फुली मारतो. आणि स्वतःचा शॉट हुकल्यावरचे तीन सेकंद बघायचे. पंचांकडे हात पसरून उभा राहणारा पोरगा त्या तीन सेकंदांत समोरच्याला फुकटचा ले-अप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, देतो.

शूटिंगसाठी माझा एक साधा ठोकताळा आहे. कॉलेजात तीन गुणांचे शॉट थोडेच होतात, तेवढ्यावरून काही कळत नाही. फ्री थ्रो बघायचे. समोर कोणी नाही, अंतर तेच, सगळा खेळ हाताचा. हात मऊ असेल तर पुढे लांबूनही शॉट पडायला लागतात.

पण ठोकताळे बरोबर येऊनही निकाल चुकतो. स्टेफन कॅसलचंच घ्या. २०२४ ला स्पर्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, कनेक्टिकट युनिव्हर्सिटीच्या विजेत्या संघातून. तीन गुणांचे शॉट कॉलेजात शंभरात सत्तावीसच्या आसपास. मी वहीत लिहिलं, "शूटिंग नाही. सगळे याला मोकळा सोडतील." पहिल्या सीझनमध्ये त्याची टक्केवारी तिशीच्या आतच राहिली. म्हणजे माझं बरोबर. आणि तो 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. म्हणजे माझं साफ चूक. मोकळा सोडला की तो शॉट घेण्याऐवजी खांदा घालून आत घुसायचा, आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या संघाचा सगळ्यात अवघड गार्ड याच्याच गळ्यात. मी त्याला काय येत नाही तेवढंच मोजत बसलो होतो.

शरीराबद्दल तर बोलायलाच नको. २००७ च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत, पुढे दिग्गज ठरलेल्या केविन ड्युरांटला १८५ पौंडांचा बार, म्हणजे ८४ किलो, एकदाही उचलता आला नव्हता. त्याच्याआधी निवडला गेलेला ग्रेग ओडेन दिसायला तयार पुरुष होता. त्याचे गुडघे गेले. पोर्टलंडकडून त्याचे जेमतेम एका सीझनइतके, ८२ सामने झाले. गुडघा आतून कसा आहे ते स्टँडमधून दिसत नाही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. तिथे पेन्सिल मनाने चालवली होती. २०१५ ला डॅलसने सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकादमीत घडलेला, सात फूट दोन इंच. भारतात जन्मलेला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू. मी वहीत लिहिलं, "दोन वर्षांत खेळेल." पुढच्या वर्षी पाच तास गाडी हाकत फ्रिस्कोला गेलो, तिथल्या छोट्या लीगच्या संघात तो होता. बहुतेक सामना तो बाकावरच होता. खरं तर २०१५ लाच सगळं दिसत होतं. त्याच वर्षी गोल्डन स्टेटने बुटक्या, पळत्या संघाच्या जोरावर विजेतेपद मारलं होतं. सेंटरला रिंग सोडून लांब बाहेर येऊन चपळ गार्डला अडवावं लागणार होतं, आणि सात फूट दोन इंचांच्या देहाला ते पाय कुठून आणायचे? तोच मुलगा वीस वर्षं आधी आला असता तर कदाचित वेगळं झालं असतं. त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. दुसऱ्या कुठल्या देशाचा ५२ व्या क्रमांकाचा पोरगा असता तर मी ही ओळ लिहिलीच नसती.

तर काका, हार्पर. बाप रॉन हार्पर, शिकागो आणि लेकर्सकडून पाच विजेतेपदं. पण पोराला लहानपणापासून घडवलं ते आईने, ती स्वतः कोच आहे. डावखुरा. रटगर्स युनिव्हर्सिटीकडून एक सीझन, सरासरी १९ च्या वर गुण. त्याच्याच संघात एस बेली होता, जो यंदा पाचव्या क्रमांकावर गेला. असे दोन हिरे असूनही संघ १५ जिंकला, १७ हरला. ऑफिसातला एक मित्र हाच आकडा घेऊन माझ्यामागे लागलाय. मी रटगर्सचे पाच-सहा सामने पाहिले. हार्पर आत घुसला की समोरचे तिघं त्याच्यावर कोसळायचे, कारण बाहेर उभ्या असलेल्यांच्या शॉटची त्यांना भीतीच नव्हती. तरी तो पोचायचा. सगळ्यात वेगवान नाही, पण थबकतो, समोरच्याला पुढे जाऊ देतो आणि मग खांद्याने जागा करतो. ही लबाडी सहसा तिशीतल्या खेळाडूकडे असते. शॉट मात्र अजून कच्चा आहे. त्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला डाव्या अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे नेमक्या शॉटच्याच हाताची. पहिल्या महिन्यात त्याचे लांबचे शॉट हुकले तर कृपया ग्रुपवर फुगा फोडू नका.

माझी शंका वेगळीच आहे. स्पर्सकडे गार्ड फॉक्स आहे, कॅसल आहे, आता हा. तिघांनाही बॉल हातात लागतो आणि बॉल एकच. पोरगा चांगला असूनही चुकीच्या घरी पडला असं होऊ शकतं.

ब्रायंटबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही. अ‍ॅरिझोनात तो बहुतेक सामने बाकावरून उठून खेळला, सरासरी साडेसहा गुण. चौदाव्या क्रमांकासाठी हे ऐकायला अगदीच फिकं लागतं. पण मानेची परीक्षा त्याची घ्या. पंखा फिरतो. वेम्बान्यामाच्या शेजारी असाच माणूस लागतो, ज्याला बॉल नसला तरी काम असतं. वहीत त्याच्यापुढे मी छोटं वर्तुळ काढलंय. एकच.

२२ ऑक्टोबर २०२५ ला स्पर्सचा पहिला सामना डॅलसमध्ये आहे, म्हणजे समोर फ्लॅग. साडेचार तासांची ड्राइव्ह. पुण्यात तेव्हा सकाळ असेल, भाच्याने पहिलं लेक्चर बुडवायचं आधीच ठरवलंय, हे त्याच्या आईला सांगू नका. माझ्याकडे दोन तिकिटं आहेत. काका, दुसरं तुमचं. अट एकच, पहिली पाच मिनिटं बॉलकडे बघायचं नाही. खायला काय आणायचं ते काकूंना विचारा.