‘मुलगी शांत वाटली’ एवढं लिहून भागत नाही

नवीन सोशल वर्कर्सना ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच मी एका होम व्हिजिटची नोंद वाचायला देते. घर स्वच्छ होतं, फ्रिजमध्ये खायला होतं, आईने नीट उत्तरं दिली, मुलगी शांत आणि आज्ञाधारक वाटली. मग विचारते, या मुलीबद्दल काय कळलं? सगळे कागदाकडे बघत बसतात, कारण आईबद्दल कळलं, फ्रिजबद्दल कळलं, पण मुलीशी कुणी एक वाक्यही बोललेलं नसतं.

मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या) चिल्ड्रन्स सर्व्हिसेसमध्ये, मुलांची सुरक्षितता बघणाऱ्या विभागात, काम करते, शिकवायचं कामही माझ्याकडे असतं. समोर नुकती डिग्री घेतलेली इथली पोरं असतात आणि भारतातून, आफ्रिकेतून थेट नोकरीवर आलेले अनुभवी लोकही असतात. त्या सगळ्यांना व्हिक्टोरिया क्लिंबिए या मुलीची केस शिकवल्याशिवाय मी पुढे जात नाही. आयव्हरी कोस्टची मुलगी, चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईवडिलांनी नात्यातल्या बाईबरोबर युरोपला पाठवलेली. फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये छळाने तिचा मृत्यू झाला, आठ वर्षांची होती, अंगावर 128 जखमांच्या खुणा. आणि हॉस्पिटल, पोलीस, सोशल सर्व्हिसेस, सगळ्यांकडे तिची नोंद होती हो! 2003 साली लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल आला, त्यात तिला वाचवता आलं असतं असे 12 प्रसंग मोजून दाखवलेत. त्यातली एक गोष्ट मला कायम टोचते. ती पोरगी त्या बाईसमोर अगदी ताठ, सावधान उभी राहायची आणि बघणाऱ्यांनी ते भीती म्हणून बघितलंच नाही, यांच्याकडे मोठ्यांना असाच मान देतात असं धरून चालले.

आता हे वाचताना आपल्याला आपली घरं आठवतात की नाही? पाहुणे आले की मुलं गप्प बसतात, मोठ्यांच्या मधे बोलत नाहीत. म्हणून भारतीय घरात गेलं की आमचाच माणूस सगळ्यात आधी ‘आमच्यात असंच असतं’ म्हणून मोकळा होतो. याच्या उलटही होतं. नॉर्वेची 2011 ची केस आठवत असेल, तिथल्या बालकल्याण खात्याने एका भारतीय जोडप्याची मुलं काढून घेतली होती, मुलांना हाताने भरवणं, जवळ घेऊन झोपणं यावर आपल्याकडे किती चर्चा झाली. एकीकडे संस्कृती म्हणून सोडून देणं, दुसरीकडे संस्कृतीलाच गुन्हा समजणं, आणि दोन्हीकडे त्या एका मुलाचा दिवस कसा जातो हे विचारायचं राहूनच जातं. सकाळी कोण उठवतं, डबा कोण देतं, घरी कुणी चिडलं की तू कुठे जाऊन बसतोस, हे विचारायला शिकवणं हेच माझ्या मते अर्धं ट्रेनिंग आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे सेफ्टी आणि रिस्क वेगवेगळं बघणं. आज रात्री हे मूल या घरात सुरक्षित आहे का, हा एक प्रश्न. पुढच्या काही महिन्यांत काही वाईट होण्याची शक्यता किती, हा दुसरा. बापाचं दारूचं व्यसन, आईचं डिप्रेशन, भाड्याची थकबाकी, यात रिस्क खूप असू शकते पण शेजारी आजी राहते, बाप सध्या घरात नाही, तर आजची रात्र ठीक जाऊ शकते. आणि नीटनेटक्या घरातल्या तीन महिन्यांच्या बाळाच्या गालावर छोटासा काळानिळा डाग दिसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर, कारण जे बाळ अजून पालथंही पडत नाही त्याला असं लागायचं कारण सहसा नसतं. अर्थात आपल्या बाळांच्या पाठीवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असतात, ते मार समजू नयेत हेही शिकवावं लागतं.

‘तिकडे म्हणे मुलं उचलून नेतात’, हे मला गावाकडून फोनवर नेहमी विचारलं जातं. इंग्लंडमध्ये सोशल वर्करला स्वतःच्या मनाने मूल नेता येत नाही. पालकांची संमती लागते, नाहीतर कोर्टाची ऑर्डर, तातडीची असेल तर ती सुरुवातीला जास्तीत जास्त आठ दिवसांची. पोलिसांना अगदी निकडीत 72 तास मूल सुरक्षित ठेवता येतं. गंभीर इजेचा संशय असला तर 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम 47 खाली चौकशी होते, पण ती सुरू झाली म्हणजे मूल गेलं असं नाही.

इथे राहणाऱ्या मराठी घरांना एक सांगते. कुणी घरी आलंच तर मराठी दुभाषा हवा असं बिनधास्त सांगा, आणि दहा वर्षांच्या मुलीला आईचं बोलणं इंग्रजीत सांगायला पुढे करू नका. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 2012 मध्ये चार वर्षांचा डॅनियल पेल्का घरच्यांच्या छळाने गेला, त्याच्या मोठ्या भावंडाला मोठ्यांसाठी दुभाषा केलं होतं. घरात काही चुकत असेल तर ते पोर आईवडिलांसमोर कसं सांगणार? मी तर ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगते, दुभाषा मिळेपर्यंत ती मुलाखत पूर्ण झाली असं लिहायचं नाही, मॅनेजर कितीही घाई करू दे.